खाणीच्या जनसुनावणीच्या आधी हे कर भावा

गावात खाण येतेय म्हणून नदीला कायद्याने व्यक्तीचा दर्जा, म्हणजे माणसासारखे हक्क, मागायला थेट हायकोर्टात धावू नको, न्यूझीलंडच्या वांगानुई नदीला तो २०१७ ला मिळाला पण मागे तिथल्या मूळनिवासी माओरींचा शंभरावर वर्षांचा लढा होता, आपल्याकडे गंगा-यमुनेला तसा दर्जा देणारा हायकोर्टाचा निकाल त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने थांबवला. आधी ग्रामसभा धर. ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ ला १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं, तेच टिकलं. जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते, खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मराठी सारांश मागून घे. देवराईचे, व्हाळाचे (ओढ्याचे) फोटो तारखेसकट काढ, आमच्याकडे पहिल्याच पावसात खाणीचा लाल गाळ भाताच्या तरव्यात शिरला, रोपं बोटभर चिखलाखाली गेली आणि फोटो एकाकडेही नाही, अजून जीव जळतो रे. आणि कातकरीवाडीत आजच जा, वनहक्क कायद्याखालचे जंगल-जमिनीचे दावे भरायचे राहिलेत का विचार.