एसईओसाठी एफडी मोडावी का?

नागपूरच्या महालातून एका ताईंचं पत्र आलंय. त्या घरी सावजी मसाला करून विकतात, सगळा खर्च जाऊन महिन्याला 38 हजार उरतात. वर्षापूर्वी वेबसाइट केली, पण तिच्यावरून महिन्याला जेमतेम सात-आठ ऑर्डरी येतात, त्याही बहुतेक पुण्या-मुंबईच्या ओळखीतल्या. आता एका एजन्सीने एसईओचं, म्हणजे गूगलवर शोधल्यावर साइट वर दिसावी यासाठीच्या कामाचं, पॅकेज सुचवलंय: महिना 15 हजार अधिक जीएसटी, वर्षाचे पैसे आगाऊ, आणि गूगलच्या पहिल्या पानावर आणण्याची हमी. यासाठी अडीच लाखांची एफडी मोडू का, असं त्या विचारतात.

ताई, मोडू नका.

जीएसटी धरून महिन्याचे 17,700 होतात, वर्षाचे 2,12,400. तुमची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे त्यातला कर वळता करून मिळणार नाही. मुदतीआधी मोडल्याने व्याजही कमी होईल ते वेगळंच. अडीअडचणीला ही एकच एफडी आहे असं तुम्हीच लिहिलंय. तिच्यातले जेमतेम 37-38 हजार हाती राहतील.

दुसरा हिशेब विक्रीचा. कुरिअर-पॅकिंग जाऊन एका ऑर्डरीमागे तुम्हाला 180 रुपये सुटतात. नुसते एजन्सीचे पैसे भरून निघायला महिन्याला 99 ऑर्डरी जास्तीच्या हव्यात, रोजच्या तीनहून अधिक. एवढा मसाला दोन बायांच्या हाताने कुटून, भाजून, भरून होईल का, हे तुम्हीच जाणता.

राहिली हमी. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. जाहिरातीची जागा पैशाने मिळते, पण खालच्या साध्या निकालांत पैसे देऊन वर जाता येत नाही. शिवाय साइटवर केलेल्या बदलांचा परिणाम दिसायला कित्येकदा महिने लागतात. तेव्हा आगाऊ पैसे गेलेले असतील आणि तुमच्या हाती जाब विचारायला काही नसेल. काही जण घाईने निकाल दाखवायला तुमच्या साइटकडे आणणाऱ्या लिंका इतर साइटवर विकत घेतात. तो गूगलच्या नियमांचा भंग आहे. गूगलने 2012 मध्ये निकाल लावण्याच्या पद्धतीत 'पेंग्विन' नावाचा बदल केला, त्यात अशाच कारणाने अनेक साइट खाली गेल्या होत्या.

तुमची साइट मी काल मोबाइलवर उघडली. ब्राउझरच्या टॅबवर नाव दिसतं नुसतं 'होम'. पहिलं चित्र उघडायलाच फार वेळ लागला, आणि 'सावजी मसाला', भाव, फोन नंबर हे सगळं त्या चित्रातच लिहिलंय. गूगलचा भर पानावरच्या मजकुरावर असतो. तो मजकूरच तिथे नाही, मग साइट सापडणार कशी? प्रत्येक पानाला नीट शीर्षक द्या, चित्रं हलकी करा, माहिती अक्षरांत लिहा. लोक 'सावजी' हा शब्द देवनागरीतही शोधतात आणि इंग्रजी अक्षरांतही, आणि तिथे त्याचं स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होतं. ती सगळी रूपं मजकुरात सहज येऊ द्या.

आणि एक पान तुम्ही स्वतः लिहा, कुणाला लिहायला देऊ नका. किलोभर मटणाला मसाला किती, तेल किती सुटेपर्यंत परतायचं, भिवापुरी मिरची का वापरता, तिखट झेपत नसेल तर काय करायचं. गिऱ्हाईक फोनवर तुम्हाला हेच विचारतं ना? तेच लोक गूगललाही विचारतात, आणि याचं उत्तर कुठल्याही एजन्सीपेक्षा तुमच्याकडे चांगलं आहे. मला तर तुमच्या धंद्याचं खरं भांडवल हेच वाटतं.

गूगल बिझनेस प्रोफाइल आणि सर्च कन्सोल, दोन्ही फुकट आहेत. पहिल्याने नागपुरातल्या गिऱ्हाइकाला नकाशावर तुम्ही दिसाल, दुसऱ्यात लोक कोणते शब्द टाकून साइटवर आले ते कळेल. दोन्ही खाती आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच नावावर ठेवा.

साइट दुरुस्तीला जाणकार मुलाकडून एकदाच काम करून घ्या. 20 हजारांच्या वर जाऊ नका, आणि तेही दोन महिन्यांच्या कमाईतून; त्यातले निम्मे पैसे काम पूर्ण झाल्यावरच द्या. मग सहा महिने सर्च कन्सोलचे आकडे आणि ऑर्डरी एका वहीत लिहीत जा. ऑर्डरी महिन्याला 30 च्या पुढे गेल्या, तर महिन्याच्या महिन्याला पैसे घेणारा, कधीही थांबवता येणारा माणूस शोधू. तेव्हा ती वही घेऊन मला पुन्हा लिहा. एजन्सीला मात्र आजच कळवून टाका की आगाऊ पैसे देणार नाही.