मार्कसला बाजूला बसवू नका

गेल्या अंकात मी ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी खेळमालिकेवर लिहिलं होतं. 1990 साली फॅमिकॉमवर सुरू झालेली, इंटेलिजंट सिस्टिम्सने घडवलेली ही मालिका. बुद्धिबळाच्या पटासारखी घरं, आपली चाल, मग शत्रूची चाल, आणि एकदा पडलेला योद्धा सहसा परत न येणं, हा तिचा पाया. त्या लेखात शेवटी एक वाक्य होतं : या मालिकेत सर्वांत जास्त अन्याय घोडेस्वारांवर होतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच देते आहे.

प्रश्न : ‘द ब्लेझिंग ब्लेड’ खेळतोय. सगळे सांगतात, सुरुवातीलाच मिळणाऱ्या अनुभवी स्वार मार्कसला वापरू नका, तो लहान मुलांचा एक्सपी (लढून मिळणारे, लेव्हल वाढवणारे अनुभवगुण) खातो. मी त्याला कोपऱ्यात उभा करून ठेवलाय. बरोबर ना? (नाशिक)

उत्तर : नाही. आजच बाहेर काढा त्याला.

हा सल्ला 2003 मध्ये हा गेम इंग्रजीत आला तेव्हापासून फिरतोय, आणि तो कुठून आला ते समजण्यासारखं आहे. मार्कस पहिल्या दिवसापासून पॅलाडिन आहे, म्हणजे प्रमोशन होऊन वरच्या वर्गात गेलेला स्वार. त्यामुळे साध्या दरोडेखोराला मारून त्याला अगदी थोडा एक्सपी मिळतो, आणि तोच दरोडेखोर तरुण स्वार लोवेनने मारला असता तर लोवेन भराभर वाढला असता, असा हिशेब लोक मांडतात. पण एक्सपी साठवायचा कशासाठी? पुढचे चॅप्टर जिंकण्यासाठी. जो माणूस आत्ताचा चॅप्टर जिंकून देतो आहे, त्याला पुढच्या चॅप्टरच्या काळजीपोटी घरी बसवण्यात काय अर्थ आहे?

आकडेच बघा. मार्कस येतो तेव्हा त्याची ताकद 15, बचाव 10. त्याच वेळी नायक एलिवुडची ताकद 5 आणि लोवेनची 7. एकट्या मार्कसकडे तलवार, भाला आणि कुऱ्हाड तिन्ही आहेत, त्यामुळे समोर कुऱ्हाडवाला आला की तलवार, भालेवाला आला की कुऱ्हाड, असं शस्त्रांचं त्रिकूट तो कायम आपल्या बाजूने वळवू शकतो. वर 8 घरांची चाल. गाव लुटायला धावणाऱ्या दरोडेखोराच्या आधी गावात पोहोचणारा तुमच्याकडे सुरुवातीला दुसरा कोण आहे?

एक्सपीची चिंता खरंच असेल तर त्यालाही उपाय आहे. मार्कसची शस्त्रं एलिवुडकडे देऊन टाका आणि त्याला अरुंद वाटेच्या तोंडाशी उभा करा. शत्रू त्याच्यावर तुटून पडतील, तो उलटा वार करणार नाही, आणि आलेली टोळी रेबेका, डॉर्कस आणि लोवेन निवांत टिपतील. असा तटबंदीसारखा उभा राहणारा मार्कस कुणाचाही एक्सपी खात नाही. बॉसच्या वेळी मात्र त्याचा चांदीचा भाला त्याला परत द्या.

पुढे पुढे इतर लोक त्याला गाठतात, हे खरं. तोवर निम्मा गेम त्याने सोपा केलेला असतो, आणि तेवढ्यासाठी मी त्याला या मालिकेतल्या सर्वोत्तम स्वारांमध्ये धरते.

प्रश्न : केंट आणि सेन हे स्वार असताना लोवेनला कशाला वाढवायचं? त्याची ताकद वाढतच नाही. (कोल्हापूर)

उत्तर : ताकदीच्या बाबतीत तुमचं निरीक्षण बरोबर आहे. प्रत्येक लेव्हलला ताकद वाढण्याची शक्यता सेनची 60 टक्के, केंटची 40, आणि लोवेनची फक्त 30. पण त्याच तक्त्यात दोन स्तंभ पलीकडे बघा. लोवेनची एचपी (जीवनशक्ती) वाढण्याची शक्यता 90 टक्के आणि बचावाची 40. सेनचा बचाव 20, केंटचा 25. म्हणजे हा स्वार मारण्यासाठी घडवलेलाच नाही, तो टिकण्यासाठी घडवलेला आहे. चिलखतवाल्याइतका नाही, पण जवळपास तसा मार सोसणारा, आणि तोही 7 घरं धावणारा माणूस! चिलखतधारी ऑस्विनला आघाडीवर पोहोचायला चार चाली लागतात तिथे लोवेन दोन चालींत उभा असतो.

शिवाय गेमच्या सुरुवातीला येणाऱ्या, लिन या नायिकेच्या कथेनंतर केंट आणि सेन बरेच चॅप्टर तुमच्या हाताशी नसतात, आणि लोवेन एलिवुडबरोबर पहिल्यापासून आहे. त्या मधल्या चॅप्टरांमध्ये तो तीन-चार लेव्हल वर गेलेला असेल, तर तुलना तेवढी एकतर्फी राहत नाही.

आणखी एक कारण आहे, ते आकड्यांचं नाही. लोवेन हा मार्कसच्या हाताखाली शिकणारा, सगळ्यांच्या जेवणाची काळजी वाहणारा, केस डोळ्यांवर आलेला मुलगा. त्याचे आणि मार्कसचे सपोर्ट संवाद (दोन साथीदारांची जोडी जमवणारे संवाद) जरूर वाचा. गुरू-शिष्य दोघं शेजारी शेजारी लढायला लागले की दोघांनाही बोनस मिळतो, आणि दोघांचीही चाल जवळपास सारखी असल्यामुळे ते खरोखर शेजारी राहू शकतात. पायदळाच्या माणसाशी स्वाराचा सपोर्ट जमवला की एक पुढे पळतो आणि दुसरा मागे राहतो, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल.

प्रश्न : तुम्ही लिहिलंत की घोडेस्वाराची किंमत मारलेल्या शत्रूंवर मोजू नये. मग कशावर मोजायची? (ठाणे)

उत्तर : तो कुणाला कुठे पोहोचवतो, त्यावर.

गेमबॉय अॅडव्हान्सवरच्या तिन्ही गेममध्ये ‘रेस्क्यू’ नावाची आज्ञा आहे. शेजारच्या साथीदाराला उचलायचं आणि हवं तिथे उतरवायचं. कोण कुणाला उचलू शकतो हे ‘एड’ या आकड्यावर ठरतं. पायी चालणाऱ्याचा एड म्हणजे त्याच्या शरीरयष्टीपेक्षा एक कमी. घोड्यावरच्या पुरुषाचा एड म्हणजे 25 मधून त्याची शरीरयष्टी वजा, आणि स्त्रीचा 20 मधून वजा. गंमत लक्षात आली का? स्वार जितका सडपातळ, तितकं जास्त वजन त्याचा घोडा उचलतो. सेनची शरीरयष्टी 9, म्हणून त्याचा एड 16. प्रमोशन होऊन तो पॅलाडिन झाला की शरीरयष्टी 11 होते आणि एड 14 वर येतो. मार्कसचाही 14. कुऱ्हाडवाल्या हेक्टरची शरीरयष्टी 13, ऑस्विनची 14. म्हणजे लोखंडात मढवलेल्या ऑस्विनलाही मार्कस सहज उचलून नेतो.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की या गेममध्ये स्वाराने उचलणं, उतरवणं, वस्तूंची देवाणघेवाण किंवा गावाला भेट देणं यांपैकी काही केलं, तर उरलेली चाल तो त्याच वेळी वापरू शकतो. वार केल्यावर मात्र तिथेच थांबावं लागतं. त्यामुळे दोन-तीन स्वार असले की साखळी बनते : पहिला ऑस्विनला उचलून तीन-चार घरं नेतो, दुसरा ‘टेक’ आज्ञेने त्याला आपल्या घोड्यावर घेतो आणि आणखी पुढे धावतो, तिसरा त्याला थेट शत्रूच्या तोंडावर उतरवतो. रांगणारा ऑस्विन एका चालीत अर्धा मॅप पार करतो. उचललेला माणूस खांद्यावर असताना स्वाराचं कौशल्य आणि वेग निम्मे होतात, तेव्हा अशा अवस्थेत त्याला शत्रूच्या टप्प्यात सोडू नका, एवढंच पथ्य.

या कामाचा कुठेही हिशेब लागत नाही. लढाई संपल्यावर कुणी किती शत्रू मारले ते दिसतं, कुणी किती जणांना वेळेवर पोहोचवलं ते दिसत नाही. लोक स्वारांना कमी लेखतात त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

प्रश्न : ‘द बाइंडिंग ब्लेड’मध्ये अॅलन आणि लान्स हे स्वार सोडून कुणी घेण्यासारखं आहे का? (सोलापूर)

उत्तर : झेलॉट. सातव्या चॅप्टरमध्ये तो नोआ आणि ट्रेक या दोघांना घेऊन येतो. तिघेही इलिया या बर्फाळ, गरीब देशाचे भाडोत्री शिलेदार. लोकांचं लक्ष नोआ आणि ट्रेककडे जातं, कारण ते तरुण आहेत, वाढतील. झेलॉटकडे कुणी बघत नाही, कारण पुढे पर्सिव्हलसारखा तगडा स्वार मिळणार हे ठाऊक असतं. पण पर्सिव्हल मिळेपर्यंतचे चॅप्टर कोण लढणार? हार्ड मोडमध्ये नायक रॉय दुबळा, या गेममध्ये म्हातारा झालेला मार्कस थकत चाललेला, आणि नेमक्या त्या वेळी हा तयार पॅलाडिन दारात येतो, त्याच्यावर प्रमोशनची वस्तू खर्च न करता! त्याला एक फेकायचा भाला आणि एक चांगली तलवार द्या आणि विश्वासाने पुढे पाठवा.

प्रश्न : जंगलात घोडे अडकतात, वैताग येतो. (चिपळूण)

उत्तर : जंगलाचं एक घर पायदळाला दोन घरांच्या चालीइतकं पडतं, घोड्याला तीन. मॅप उघडल्यावर आधी रस्ता शोधा आणि स्वारांना रस्त्यानेच न्या. जंगल पायदळाला सोडा.

प्रश्न : ‘जिनिऑलॉजी ऑफ द होली वॉर’ या 1996 च्या गेमबद्दल तुम्ही नेहमी भरभरून बोलता. मला त्यातला स्वार अॅलेक अगदीच सामान्य वाटला. पायी लढणाऱ्या तलवारबाज आयरासमोर तो काहीच नाही. (पुणे)

उत्तर : आयरासमोर फार थोडे लोक काही आहेत. तिच्या ‘आस्ट्रा’ या कौशल्याचे पाच वार बघताना मी आजही हात थांबवते. पण आयराची चाल 6 आहे आणि अॅलेकची 8, आणि हा गेम ज्या मॅपवर खेळला जातो ते मॅप म्हणजे अख्खे प्रांत आहेत. एका किल्ल्यापासून दुसऱ्या किल्ल्यापर्यंत पोहोचेतो अनेक चाली जातात. नायक सिगुर्ड स्वतः घोड्यावर आहे, किल्ला ताब्यात घेण्याचं काम त्याच्याशिवाय कुणी करू शकत नाही. तो पुढे निघाला की त्याच्या बरोबरीने कोण धावणार? अॅलेक, नॉइश, लेक्स, फिन, क्वान. आयरा येते तेव्हा अनेकदा लढाई उरकलेली असते.

अॅलेककडे ‘पर्स्यूट’ हे कौशल्य आहे, आणि या गेममध्ये पर्स्यूट नसेल तर वेग कितीही असला तरी दुसरा वार मिळत नाही. नॉइशकडे तो नाही, म्हणून दोघांत मी अॅलेकला वर ठेवते. शिवाय अॅलेककडे ‘निहिल’ आहे, म्हणजे समोरच्याची खास कौशल्यं आणि क्रिटिकल (नेहमीपेक्षा जबर बसणारा वार) त्याच्यावर चालत नाहीत. जो शत्रू एका क्रिटिकलमध्ये तुमचा लाडका योद्धा उडवू शकतो, त्याच्यासमोर अॅलेकला पाठवा आणि फरक बघा. दुसऱ्या पिढीतली मुलं वडिलांची कौशल्यं घेऊन येतात, तेव्हा पर्स्यूट आणि निहिल ही जोडी देणारा बाप काही वाईट नाही!

आणि या गेममध्ये स्वार वार केल्यानंतरही उरलेली चाल चालू शकतो. वार करून मागे सरकायचं, मोकळी झालेली जागा दुसऱ्याला द्यायची. एकाच शत्रूवर पाच जणांनी ओळीने वार करायची ही रीत पायदळाला जमत नाही.

प्रश्न : मग ‘रेडियंट डॉन’मधल्या घोडेस्वार फिओनावरही अन्यायच होतो का? (औरंगाबाद रोड, अहिल्यानगर)

उत्तर : नाही. फिओना मला मनापासून आवडते, पण ती खरंच कच्ची आहे. पहिल्या भागाच्या सातव्या चॅप्टरमध्ये ती कमी लेव्हलची येते आणि लगेच पुढचा मॅप दलदलीचा, जिथे घोडा जवळजवळ रुतूनच बसतो. स्वाराची एकमेव जमेची बाजू तिच्याकडून काढून घेतली आहे. तिला वाढवायचं असेल तर प्रेमापोटी वाढवा, तेही पुरेसं कारण आहे.

प्रश्न : ‘थ्री हाउसेस’मध्ये विव्हर्नवर (उडणाऱ्या ड्रॅगनवर) बसवता येत असताना घोडा का निवडायचा? (मुंबई)

उत्तर : निव्वळ आकड्यांवर विव्हर्न जिंकतो. उडणाऱ्याला जमिनीची अडचण नाही, आणि घोड्यावरचे बरेच वर्ग वेगाच्या वाढीतून 10 टक्के कापतात. त्यामुळे ज्याच्या वेगावर तुमचा भरवसा आहे त्याला घोड्यावर बसवू नका.

पण लिओनी या विद्यार्थिनीला बसवा. भाला, धनुष्य आणि घोडेस्वारी या तिन्हींत तिला मुळातच गती आहे, आणि ‘बो नाइट’ (घोड्यावरची धनुर्धर) झाल्यावर धनुष्याचा पल्ला दोन घरांनी वाढतो. लांबून बाण सोडायचा आणि उरलेल्या चालीने परत रांगेमागे यायचं. शत्रूच्या चालीत तिच्यापर्यंत कुणी पोहोचतच नाही. माझ्या प्रत्येक डावात, मी कुठलंही हाउस निवडलं तरी, ती माझ्याकडे येते.

प्रश्न : मी नववीत आहे. ‘द सेक्रेड स्टोन्स’ सुरू केलाय. तरुण स्वार फ्रान्झला पॅलाडिन करू की ग्रेट नाइट? (सातारा)

उत्तर : पॅलाडिन कर. ग्रेट नाइटला कुऱ्हाड मिळते, चित्रही भारदस्त दिसतं, पण त्याची चाल 6 आणि पॅलाडिनची 8. शिवाय ग्रेट नाइटवर घोड्यांविरुद्धची शस्त्रंही चालतात आणि चिलखतांविरुद्धचीही. पुढे ड्यूसेल मिळेल, तो मुळातच ग्रेट नाइट आहे, ती हौस त्याच्यावर भागव. फ्रान्झला सुरुवातीपासून सोबत असलेल्या पॅलाडिन सेथबरोबर पाठवत जा, दोघं एकाच वेगाने धावतील. आणि सेथला बाजूला बसव असं कुणी सांगितलं, तर वरचं नाशिकचं उत्तर त्याला वाचायला दे.