खांबांखालून लिही

प्रिय बाळ,

इंग्लंडमधल्या आपल्या मार्केट हारबरो गावच्या जुन्या शाळेवरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. माहिती चोख आहे, पण त्यात तू कुठेच नाहीस. '१६१४ साली बांधलेली ही वास्तू' अशी सुरुवात कुणीही करील. त्या लाकडी खांबांमध्ये लपाछपी खेळत तू मोठी झालीस, ते कुठे गेलं?

मीही तिथेच खेळले, तुझ्या कितीतरी आधी. मला वरची पांढरी भिंत फारशी आठवत नाही. खांब आठवतात, कारण तेच माझ्या उंचीला होते. एका खांबाला उभी भेग होती. बोटाचं पेर आत जायचं आणि बाहेर धो धो पाऊस असला तरी आतलं लाकूड कोरडं लागायचं. आई पिशव्या घेऊन येईपर्यंत मी त्या भेगेपाशी उभी असे.

पुढे चाळिशीत वाचलं, की याच गावातून गरिबीत लंडनला जाऊन मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्या रॉबर्ट स्मिथने ही शाळा गावाला दिली. वर एकच वर्ग, खाली लोण्याचा बाजार. वाईट हवेत बाजारकरू कोरडे राहावेत म्हणून शाळा खांबांवर उभारली, असं तेव्हाच लिहून ठेवलेलं आहे. वाचताक्षणी बोटाला ते कोरडं लाकूड लागलं! इतिहास असा, आठवणीच्या मागून येऊ दे. आधी एकही पुस्तक न उघडता लिही, मग ताडून बघ.

ताडण्यात मात्र हयगय नको. वरून मुलांचे पाढे ऐकू यायचे, असं मी कित्येक वर्षं छातीठोकपणे सांगत आले. शाळा तर १८९२ मध्येच दुसरीकडे हलली होती. नोबेल मिळवणारे विल्यम ब्रॅग लहानपणी तिथे शिकले, हे बाबा खांबाला टेकून रंगवून सांगायचे. पाढे त्या गोष्टीतले असणार. तुझ्या लेखात असं काही सापडलं तर खोडू नकोस. ते तुला कुणी सांगितलं, कुठे उभं राहून सांगितलं, ते लिही.

तुळयांवर कोरलेल्या वचनांचा परिच्छेद सुंदर आहे, तो तसाच राहू दे.

आता गावी जाशील तेव्हा खांबांपाशी गुडघे टेकून बस, तुझ्या तेव्हाच्या उंचीवर. आणि चर्चच्या बाजूच्या खांबाला ती भेग अजून आहे का, तेवढं मला कळव.

तुझी,
मावशी