वाचकांचे प्रश्न : नातीचे कॉलेज, व्हिसा आणि फी

प्रश्न : माझी मुलगी व जावई गेली बारा वर्षे कॅलिफोर्नियात राहतात. जावई एच-१बी व्हिसावर नोकरी करतात. नात पाच वर्षांची असताना तिकडे गेली; आता ती सतरा वर्षांची असून तिचा व्हिसा एच-४, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबीयांचा, आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज केलेला आहे, पण नंबर लागत नाही. ती नागरिक नसल्यामुळे तिला सरकारी मदत मिळणार नाही आणि परदेशी विद्यार्थ्यांची फी भरावी लागेल, असे तिच्या शाळेतील समुपदेशकांनी सांगितले. तेव्हापासून मुलीच्या डोळ्याला डोळा नाही. बायपासजवळ आमचा एक प्लॉट आहे, तो विकून पैसे पाठवावेत असे यजमानांच्या मनात आहे. आम्ही काय करावे? — एक आजी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : प्लॉट आत्ता विकू नये, हे सर्वांत आधी सांगतो. समुपदेशकांनी दोन गोष्टी एका दमात सांगितल्या आहेत. त्यांतील पहिली खरी आहे, दुसरी आपल्या नातीच्या बाबतीत बहुधा खरी नाही, आणि पैशांचा मोठा प्रश्न दुसरीतच आहे.

पहिली गोष्ट अशी की, अमेरिकेच्या केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत ‘फाफ्सा’ नावाच्या अर्जावरून ठरते, आणि ती नागरिक, ग्रीन कार्डधारक व निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांनाच मिळते. एच-४ व्हिसावरील मुले त्यांत येत नाहीत. बारा वर्षे त्याच देशात शिकलेल्या, तिथल्याच भाषेत विचार करणाऱ्या मुलीला हे दार बंद असावे, याचे वाईट मलाही वाटते. अशा मुलांना तिकडे ‘डॉक्युमेंटेड ड्रीमर्स’ म्हणतात. त्यांच्यासाठी अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयके मांडली गेली, पण आजवर कायदा झालेला नाही, म्हणून त्या आशेवर नियोजन करू नये.

दुसरी गोष्ट फीची. आपल्याकडे मध्य प्रदेशात प्रवेशाच्या वेळी मूल निवासी प्रमाणपत्र लागते, हे आपण जाणताच. घरात मराठी बोलणाऱ्या आणि सोयरिकी पुण्या-नागपूरकडे जोडणाऱ्या इंदूरच्या कुटुंबांनाही ते मिळते, कारण तेथे मातृभाषा नव्हे तर वास्तव्य पाहिले जाते. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या विद्यार्थ्याची फी आणि बाहेरच्याची फी हा भेदही मुळात वास्तव्याचा आहे. नागरिकत्व हा वेगळा प्रश्न आहे. अर्थात, ज्या व्हिसावर माणसाला त्या राज्यात कायमचे घर करण्याचा हेतू ठेवता येतो, अशाच व्हिसावरील विद्यार्थ्याचे वास्तव्य धरले जाते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नियमांत एच-४ हा असा व्हिसा आहे. विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा तसा नाही. त्यामुळे आई-वडील आणि मुलगी एक वर्षाहून अधिक काळ कॅलिफोर्नियात राहत असतील, कर तेथेच भरत असतील आणि तेच आपले घर आहे हे कागदांवरून दाखवू शकत असतील, तर आपली नात राज्याच्या फीसाठी पात्र ठरू शकते. रक्कम किती मोठी आहे पाहा : २०२४-२५ मध्ये या विद्यापीठात बाहेरच्या विद्यार्थ्याकडून नेहमीच्या फीवर वर्षाला ३४,२०० डॉलर जादा घेतले जात होते. चार वर्षांचा हिशोब मांडला की आपल्या प्लॉटची किंमत ‘वास्तव्य’ या एका शब्दाच्या अर्थावर कशी अवलंबून आहे, हे लक्षात येईल.

प्रवेश मिळाल्यानंतर विद्यापीठ ‘स्टेटमेंट ऑफ लीगल रेसिडेन्स’ नावाचे निवेदन भरून घेते आणि त्यावरून फी राज्यातल्याची की बाहेरच्याची, हे ठरवते. ते नातीने स्वतः, आई-वडिलांच्या शेजारी बसून, मुदतीत भरावे. आई-वडिलांची करविवरणे, घराचा करार किंवा भाड्याच्या पावत्या, वाहन परवाने, नातीचे शाळेचे दाखले आणि सर्वांच्या आय-९४ नोंदी (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदी) आधीच एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात. पहिला निर्णय चुकीचा आला तर दाद मागण्याची सोय असते. घाबरून जादा फी भरून मोकळे होऊ नये. समुपदेशकांना दोष देण्यातही अर्थ नाही. एका शाळेत असा व्हिसा असलेली मुले मोजकीच असतात, आणि ‘नागरिक नाही म्हणजे परदेशी’ हे सोपे समीकरण बऱ्याच जणांच्या डोक्यात बसलेले असते. आपल्या जावयांना मित्रमंडळी कॅलिफोर्नियाच्या शाळांत शिकलेल्यांना राज्याची फी लावणाऱ्या ‘एबी ५४०’ या २००१ च्या कायद्याचा आधार घ्यायला सांगतील. तो कायदा चांगला आहे, पण एच-४ सारख्या व्हिसावरील विद्यार्थी त्यात बसत नाहीत. आपल्या नातीचा मार्ग साध्या वास्तव्याचा आहे, आणि अर्जात तोच मांडावा.

आता एका अशा पर्यायाविषयी, ज्याचे नाव काढताच आपल्या घरांत नाक मुरडले जाते : कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पहिली दोन वर्षे शिकवणारे स्वस्त सरकारी कॉलेज. ‘एवढी हुशार मुलगी आणि असल्या कॉलेजात?’ हे वाक्य मी अनेक आई-वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. कॅलिफोर्नियात राज्यातील विद्यार्थ्याला या कॉलेजांत एका युनिटला (अभ्यासक्रम मोजण्याच्या एककाला) ४६ डॉलर पडतात. दोन वर्षांत साधारण ६० युनिट होतात, म्हणजे फीचे २,७६० डॉलर. त्यानंतर विद्यार्थी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जातो, आणि डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा व सांता क्रूझ या सहा कॅम्पसांशी तर अटी पूर्ण करणाऱ्याला प्रवेशाची हमी देणारा करारही करता येतो. पदवीवर नाव विद्यापीठाचेच येते. नात घरी राहून शिकली तर राहण्या-जेवणाचा खर्चही वाचतो, आणि तिकडे तो फीच्या तोडीस तोड असतो. हा मार्ग कमीपणाचा आहे असे मला मुळीच वाटत नाही, आणि हे आपण फोनवर मुलीला स्पष्ट सांगावे, कारण आजीने सांगितले की लाजेचे अर्धे ओझे उतरते.

खासगी कॉलेजांची गोष्ट वेगळी आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट या संस्था नागरिकत्व काहीही असले तरी प्रवेश देताना ऐपत पाहत नाहीत, आणि प्रवेश दिल्यावर कुटुंबाला न झेपणारा भाग स्वतःच्या निधीतून भरतात. तेथे प्रवेश मिळणे अतिशय कठीण आहे, हे खरे; पण ‘खासगी म्हणजे महाग’ या समजुतीने अर्जच न करणे चुकीचे ठरेल. इतर अनेक खासगी कॉलेजे एच-४ मुलांना परदेशी विद्यार्थ्यांच्या रांगेत बसवतात आणि त्या रांगेसाठी त्यांचा निधी तुटपुंजा असतो, म्हणून प्रत्येक कॉलेजला अर्जापूर्वी ईमेल करून विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. ही कॉलेजे मदतीसाठी बहुधा ‘सीएसएस प्रोफाइल’ नावाचा अर्ज मागतात. त्यात कुटुंबाची सगळी मालमत्ता सांगावी लागते, आणि इंदूरमधील मालमत्ताही त्यात येते. प्लॉटवर फक्त आपले व यजमानांचे नाव असेल तर तो मुलीचा नव्हे. पण तिचे नाव सहमालक म्हणून चढवलेले असेल, किंवा एखादी मुदत ठेव तिच्यासह संयुक्त नावाने असेल, तर ती दाखवणे भाग आहे. लपवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

आपल्याला मदत करावीशी वाटते, ती कराच, पण वर्षावर्षाने. भारतात राहणारी व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते. त्यासाठी पॅन लागतो आणि बँकेत पाठवण्याचे कारण लिहून द्यावे लागते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांच्या वरील रकमेवर बँक उगमस्थानी कर (टीसीएस) गोळा करते. त्याचा दर कारणानुसार वेगळा असतो, म्हणून कारण नेमके लिहावे. तो कर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोपर्यंत पेन्शनवर जगणाऱ्या माणसाचे पैसे अडकतात. तिकडे मुलीला अशा भेटीवर कर नाही. मात्र परदेशातून आलेली भेट वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेली तर तिला तेथील करखात्याला तसे कळवावे लागते. राहते घर गहाण ठेवून कर्ज काढण्याचा विचार यजमानांच्या मनात असेल, तर तो कृपया सोडावा. सत्तरीनंतर डोक्यावरचे छप्पर नातीच्या फीला बांधू नये, आणि नातीलाही ते ओझे पेलवणार नाही.

एक तारीख घरातील कॅलेंडरवर आजच लिहावी : नातीचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी एच-४ संपतो. अर्जाच्या प्रक्रियेत गेलेला काही काळ वयातून वजा करण्याची सोय २००२ च्या बालस्थिती संरक्षण कायद्याने ग्रीन कार्डासाठी दिली आहे, पण भारतीयांची रांग इतकी लांब आहे की अनेकांना तेवढी वजाबाकी पुरत नाही. तेव्हा तिला एफ-१ वर जावे लागेल, आणि राज्याची फी पुढे चालू राहील का, हा प्रश्न कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात उभा राहील. विद्यापीठाच्या वास्तव्य कार्यालयाला तो आताच लेखी विचारावा, आणि जावयांनी स्थलांतर कायद्याच्या वकिलाची एक भेट या एकाच विषयासाठी घ्यावी. प्लॉटचे पैसे कधी लागलेच, तर ते बहुधा त्या शेवटच्या दोन वर्षांसाठी लागतील.

प्रश्न : माझ्या भाच्याचे कुटुंब न्यू जर्सीत आहे. मोठा मुलगा वडोदऱ्यात जन्मला, धाकटा तिकडे. धाकट्याने मदतीचा सरकारी अर्ज भरल्यास आई-वडिलांच्या व्हिसाला धक्का लागेल, अशी भीती त्यांना वाटते. आईकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिकडचा सरकारी ओळख क्रमांक) नाही. — एक मामा, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : धाकटा जन्माने अमेरिकन नागरिक आहे आणि फाफ्सा भरण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आई-वडिलांचा व्हिसा कोणता, हे त्या अर्जात विचारले जात नाही, आणि त्यावर मुलाची पात्रता अवलंबून नाही. पालकाकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसला तरी २०२४-२५ च्या अर्जापासून त्याला खाते उघडून संमती देता येते. नसलेल्या क्रमांकाच्या जागी दुसरा कोणताही क्रमांक लिहू नये. आपला भाचा नोकरीच्या वैध व्हिसावर असून कर नियमित भरत असेल, तर भिण्याचे कारण मला दिसत नाही. कोणाच्या कागदपत्रांत खंड पडलेला असेल, तर मात्र अर्जापूर्वी वकिलाला विचारावे. केंद्र सरकार कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील विद्यार्थ्यांना देते त्या पेल अनुदानाची कमाल मर्यादा २०२५-२६ साठी ७,३९५ डॉलर आहे. पगार चांगला असेल तर ते मिळणार नाही, तरी विद्यार्थी कर्ज आणि कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठी हाच अर्ज लागतो. तो एरवी १ ऑक्टोबरला खुला होतो आणि लवकर भरणे हिताचे असते.

मोठ्याला मात्र हा अर्ज उपयोगाचा नाही. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावांना दोन वेगळ्या रांगांत उभे राहावे लागते, आणि मोठ्याच्या मनात ते सलते. धाकट्याला मदत मिळाल्याची बातमी नातेवाइकांत सांगताना मामांनी एवढे भान ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : माझा चुलत भाऊ टेक्ससमध्ये एच-४ व्हिसावर शिकतो. खर्च भागवण्यासाठी कॉलेजच्या ग्रंथालयात किंवा ओळखीच्या दुकानात त्याने थोडे काम केले तर चालेल का? — एक विद्यार्थिनी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही. एच-४ वरील मुलांना पगारी काम करण्याची परवानगी नाही, कॉलेजच्या आवारातही नाही आणि रोख पैशांवरही नाही. २०१५ मध्ये सुरू झालेला कामाचा परवाना एच-१बी धारकांच्या ठरावीक पती-पत्नींसाठी आहे, मुलांसाठी नाही. दुकानदार ओळखीचा असला तरी हे काम पुढे व्हिसाच्या प्रत्येक अर्जात आडवे येऊ शकते. एफ-१ मिळाल्यानंतर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आवारातील काम करता येते. त्यासाठी व्हिसाचा दर्जा बदलण्याचा आय-५३९ अर्ज एच-४ संपण्याआधी दाखल झालेला असला पाहिजे आणि निकाल येईपर्यंत काम सुरू करता येत नाही. तोपर्यंत नागरिकत्वाची अट नसलेल्या खासगी शिष्यवृत्त्या शोधाव्यात, जुनी पुस्तके वापरावीत आणि कॉलेजच्या मदत कार्यालयात जाऊन आपली अडचण मोकळेपणाने सांगावी. टेक्ससमध्ये जून २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने राज्याच्या फीची सवलत ज्यांची काढली गेली, ते कायदेशीर वास्तव्य नसलेले विद्यार्थी होते. आपला भाऊ वैध एच-४ वर आहे, त्यामुळे कोणी चुकून त्याचाही फीचा वर्ग बदलला असेल, तर त्याने व्हिसाचे कागद घेऊन निबंधक कार्यालयात त्वरित जावे.