रोहिणी नक्षत्रावरच्या मुलीसाठी मायेचे नाव: ओवी, वासंती आणि आणखी काही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे. मुलगी रोहिणी नक्षत्रावर जन्मल्यामुळे पंचांगाप्रमाणे ओ, वा, वी आणि वू ही अक्षरे आली आहेत. बारसे जवळ आले आहे. आणि ज्याच्या अर्थात माया असेल व जे पणजीबाईंनाही न अडखळता उच्चारता येईल, असे नाव आपल्याला हवे आहे. आपल्या यादीत ओवी, वासंती, विभा, वीरा आणि मिहिका ही पाच नावे आहेत. जाऊबाईंच्या येणाऱ्या बाळासाठी मुलाची दोन-तीन नावेही आपण विचारली आहेत. मी ओवीला पहिली आणि वासंतीला दुसरी पसंती देईन आणि मिहिका हे नाव बाजूला ठेवीन.

मिहिका आपल्या अक्षरांत बसत नाही, तरीही चुलतभावाचे नाव मिहिर असल्यामुळे ते घरात सुचवले गेले, असे आपण लिहिले आहे. मिहिर म्हणजे सूर्य हे खरे आहे, परंतु मिहिका हे त्याचे स्त्रीलिंगी रूप नव्हे. मिहिका म्हणजे धुके किंवा हिम. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात कडाक्याच्या थंडीत दव गोठते, त्या पहाटेला हे नाव शोभेल. ऊब शोधणाऱ्या आईने ते निवडणे मात्र विसंगत ठरेल. नावांच्या तयार याद्यांवर विसंबू नये असे मी नेहमी सांगतो, ते अशाच उदाहरणांमुळे. आरव हे नाव अशा याद्यांत ‘शांत’ या अर्थाने हमखास दिलेले असते, आणि संस्कृत कोश उघडला की आरव म्हणजे आवाज, ओरडा, गलका असा अर्थ समोर येतो. (रात्री दोन वाजता बाळाला मांडीवर घेऊन बसणाऱ्या पालकांना कोशच अधिक पटेल.) नाव नक्की करण्यापूर्वी एखाद्या चांगल्या शब्दकोशात ते एकदा पाहावे, किंवा संस्कृत शिकवणाऱ्या कुणाला तरी विचारावे.

आता ओवीविषयी सविस्तर लिहितो, कारण हे नाव दिसते लहान, पण त्यात पुष्कळ काही सामावलेले आहे. ओवी हा मराठीचा स्वतःचा छंद आहे आणि ‘ओवणे’ या क्रियापदाशी त्याचा संबंध जोडला जातो. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईने ‘पहिली माझी ओवी’ म्हणून सुरुवात करावी आणि दळण सरेपर्यंत माहेर, भाऊ, लेकरे आणि पंढरीचा विठ्ठल यांच्याशी बोलत राहावे, ही आपल्या पणजीबाईंच्या पिढीने प्रत्यक्ष अनुभवलेली गोष्ट आहे. त्यामुळे हे नाव त्यांना नवे वाटणार नाही, उलट घरातल्या सर्वांपेक्षा त्याच ते अधिक ओळखतील. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील भाष्य सांगितले ते याच छंदात, आणि सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे त्या समर्थ रामदासांचा दासबोधही ओवीबद्धच आहे. लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने दर वर्षी ज्ञानेश्वरांची पालखी सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा आपल्या मुलीला स्वतःच्या नावाचा अर्थ कुणी पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज उरणार नाही. जात्यावरचे गाणे आणि संतांचा ग्रंथ या दोन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने वावरणारा असा शब्द मला तरी दुसरा आठवत नाही. शिवाय ओ हे रोहिणीच्या पहिल्या चरणाचेच अक्षर असल्यामुळे पंचांग पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांचीही अडचण होणार नाही.

वासंती म्हणजे वसंत ऋतूशी संबंधित. अमरकोशात माधवीच्या वेलीलाही वासंती हे नाव दिले आहे. माघातली थंडी ओसरून ऊन सोसवेल इतके कोवळे असते आणि झाडांना पालवी फुटू लागते, त्या दिवसांची ऊब या नावात आहे. ‘हे आजीच्या काळातले नाव झाले’ असा आक्षेप आपल्या नणंदबाईंनी घेतला आहे. तो मला फारसा गंभीर वाटत नाही, कारण रमा, मुक्ता, जाई, सई ही नावेही एके काळी जुनाट ठरवली गेली होती आणि आज ती पुन्हा पाळण्यांत दिसतात. वासंतीची मर्यादा दुसरीच आहे: घरात तिची वासू किंवा वसू होईल, आणि ते रूप आपल्याला आवडते की नाही, हे आधीच ठरवलेले बरे.

विभा म्हणजे प्रभा, तेज. सुटसुटीत आणि निर्दोष नाव आहे. वीरा चांगले आहे, पण त्यात शौर्य आहे, माया नाही.

अक्षराच्या बाबतीत थोडी मोकळीक घेण्याची तयारी असेल, तर वत्सला या नावाचा विचार जरूर करावा. ‘वा’ ऐवजी ‘व’ चालवून घेणारे पुरोहित पुष्कळ आहेत आणि ‘वी’ऐवजी ‘वि’ तर सर्रास चालते. वत्स म्हणजे वासरू, आणि वासराकडे पाहून गाईला जो पान्हा फुटतो त्या भावनेला वात्सल्य म्हणतात. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करणाऱ्या घरात या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलासाठी वत्सल हे रूपही सुरेख आहे, आणि ते अजून फारसे वापरले गेलेले नाही.

राशीचे नाव वेगळे आणि हाक मारायचे वेगळे, अशी पद्धत आपल्या दोन्ही घरांत असेल, तर अक्षराचे बंधन उरतच नाही. तसे असल्यास सई हे नाव मला ओवीच्या तोडीचे वाटते. सखी या शब्दाचे हे मराठमोळे रूप आहे आणि सातारा जिल्ह्याशी त्याचे नाते जुने आहे, कारण शिवाजी महाराजांच्या राणी आणि संभाजी महाराजांच्या मातोश्री सईबाई या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या होत्या. स्नेहल म्हणजे स्नेहशील, ममता म्हणजे आपलेपणा. दोन्ही नावे मागच्या पिढीत इतकी वापरली गेली की एकाच वर्गात तिघी-तिघी असत, एवढीच त्यांच्याविषयी तक्रार. सांगली ही हळदीची पेठ आहे, म्हणून माहेरच्या बाजूने एक नाव सुचवतो: अमरकोशात हळदीला कांचनी म्हटले आहे.

जाऊबाईंच्या बाळासाठी सूर्यनमस्काराचे मंत्र पाहावेत. खटाव तालुक्यातल्या औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला आणि आपल्या शाळांतून तो रुजवला, त्यामुळे या बारा नावांवर सातारकरांचा थोडा अधिक हक्क आहे असे म्हणायला हरकत नाही. त्यातले पहिलेच नाव मित्र. सूर्यालाही मित्र म्हणावे आणि सुहृदालाही मित्र म्हणावे, हे मला फार आवडते. मुलाला मित्र हे नाव देता येते, आणि याच शब्दाशी जोडलेले मैत्रेयी हे नाव बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्यांच्या ब्रह्मवादिनी पत्नीचे आहे. पूषन् म्हणजे पोषण करणारा. पूषन असे मराठीत लिहिले तर नाव अनोखे आणि अर्थपूर्ण होते. भानू, रवी, भास्कर ही ओळखीची आहेत. सवितृ म्हणजे प्रेरणा देणारा सूर्य, आणि त्यावरून सावित्री. नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांच्यामुळे या नावाला आपल्या जिल्ह्यात जो मान आहे, तो कोणत्याही कोशातल्या अर्थापेक्षा मोठा आहे. जाऊबाईंना मुलगी झाली, तर हे नाव त्यांच्या यादीत असावे.

मात्र ऊब हवी म्हणून सूर्य आणि अग्नी यांच्याच नावांमागे लागू नये. माण, आटपाडी, जत या भागांत मायेची कल्पना सावलीशी आणि पाण्याशी जोडलेली आहे, आणि तिथल्या बापाने मुलीचे नाव छाया, मेघा किंवा शीतल ठेवले, तर त्यामागची भावना ओवीपेक्षा किंचितही कमी नसते.

घरातल्या काही मंडळींचे म्हणणे असे की नावाच्या अर्थाचा एवढा खल करण्याचे कारण नाही, नाव हाकेपुरते असते. या म्हणण्याशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण साताऱ्यातच घडलेले आहे. मुलगाच हवा या हट्टापायी एकामागून एक झालेल्या मुलींपैकी शेवटचीचे नाव नकुसा किंवा नकोशी ठेवण्याची चाल या भागात होती; ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ज्या मुलीला शाळेच्या हजेरीत रोज ‘नकुसा’ ऐकून ‘हजर’ म्हणावे लागत होते, तिच्यासमोर नाव हाकेपुरते असते हे वाक्य उच्चारण्याचे धैर्य कुणाला होईल असे मला वाटत नाही. आता याच्या नेमकी उलट बाजूही सांगितली पाहिजे. दगडू, धोंडीबा, केरबा, भिकू ही नावे वरवर पाहता रुक्ष किंवा हीन वाटतात. पण मुले जगत नसत अशा घरांत आईबाप ती नावे मुद्दाम ठेवीत, म्हणजे या लेकराला कुणाची दृष्ट लागू नये आणि त्याच्याकडे काळाचेही लक्ष जाऊ नये. दगडू या नावात जेवढी काळजी आहे तेवढी पुष्कळ गोंडस नावांत नसते. म्हणून अर्थ पाहताना कोशाबरोबर ठेवणाऱ्याचा हेतूही पाहावा, आणि आपल्या बाबतीत तर हेतूविषयी शंकाच नाही.

उच्चाराची एक सोपी कसोटी सांगतो. निवडलेले नाव माजघरात बसून म्हणून पाहू नये. परड्यात उभे राहून मोठ्याने हाक मारून पाहावे, एकदा लाडाने आणि एकदा रागाने. आपल्याकडे रागाच्या हाकेत नावाचा शेवट ‘ए’कारात जातो, त्यामुळे ओवीची ओवे होईल आणि विभाची विभे होईल; यांपैकी कोणते रूप ऐकवत नाही ते तेव्हाच कळते. पणजीबाई तर शेवटी बयो किंवा बाळाबायच म्हणणार, त्यांची फार चिंता करू नये.

कागदपत्रांचे दोन मुद्दे बारशाच्या गडबडीत राहून जातात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, पण त्या नोंदीत नाव असलेच पाहिजे असे नाही. नावाविना नोंद झालेली असेल, तर पहिल्या १२ महिन्यांत ते विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. तेव्हा पाहुण्यांच्या आग्रहापोटी घाईने नाव नोंदवू नये; एकदा नोंदलेले नाव बदलून घेणे बरेच त्रासाचे असते. दुसरे असे की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम लागतो. म्हणजे आपले नाव मुलीच्या नावाला लागूनच येणार. चारही शब्द सलग वाचून पाहावेत. ओवीसारखे दोन अक्षरी नाव इथेही सोयीचे ठरते. इंग्रजी स्पेलिंगही आताच एक ठरवून दोन्ही घरांना कळवावे, म्हणजे आधार कार्डावर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे असे होणार नाही.

नणंदबाईंचा वासंतीला विरोध आणि आपल्या आईंचा तिच्यासाठी आग्रह, हा पेच बारशालाच सुटू शकतो, कारण पाळण्यात एकाहून अधिक नावे ठेवण्याची रीत आहेच. ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ झाल्यावर आत्याबाईंनी बाळाच्या कानात ओवी सांगावे, आजोळचे म्हणून वासंतीही सांगावे, मग घुगऱ्या वाटाव्यात आणि नगरपालिकेच्या नोंदीत मात्र एकच नाव घालावे.