एकाच घरात ताप, मग धाकटाच का अडकला?

ताई, सासू-सासरे चार दिवसांत उठून बसले आणि चौतीस वर्षांचा धडधाकट दीर ऑक्सिजनवर, विषाणू बदलला का, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि 2015 चा फेब्रुवारी, ती स्वाइन फ्लूची साथ डोळ्यांसमोर आली. आम्ही जालन्याकडचे. आई-अण्णा दोन दिवस कण्हून बरे झाले. अडकला धाकटा, जो ज्वारीची पोती एकटा टेम्पोत टाकायचा.

मी डॉक्टर नाही, ठेच लागून शिकलोय. विषाणूतला बदल घात करतो हे खरं. 2009 च्या स्वाइन फ्लूत हिमॅग्लुटिनिन प्रथिनात (ज्यानं विषाणू पेशीला चिकटतो) 222 व्या जागी बदल झालेला विषाणू गंभीर रुग्णांत जास्त सापडला, कारण तो फुप्फुसात खोलवर चिकटतो. पण ताप एकाच घरातला असेल तर आधी माणसामाणसातला फरक बघा. 1957 पूर्वी जन्मलेल्यांची एच1एन1 शी, म्हणजे स्वाइन फ्लूच्याच जातीच्या विषाणूशी, लहानपणीच गाठ पडलेली, म्हणून त्या साथीत म्हाताऱ्यांना लागण कमी झाली. (झाली त्यांचे हाल मात्र झालेच.) विषाणूला पेशीच्या दारात अडवणारं आयएफआयटीएम3 हे जनुक काहींचं जन्मतःच लेचंपेचं असतं. आणि कधी प्रतिकारशक्तीच एवढी उसळते की फुप्फुसं पाण्यानं भरतात.

आमचं वाटोळं मात्र जनुकानं नाही, कागदानं केलं. घशाचा स्वॅब दिला आणि "रिपोर्ट आल्यावर गोळी" म्हणून भावाला घरी पाठवलं. मी रोज रिपोर्टच्या खिडकीवर. "नमुना पुढं गेलाय, उद्या या." तिसऱ्या दिवशी तिथल्या माणसानं चहाचा कप माझ्याच अर्जावर ठेवला, तो गोल डाग अजून डोळ्यांपुढून जात नाही. ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूवरची तीच गोळी, हे औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत जास्त लागू पडतं. आम्हाला ते सहाव्या दिवशी मिळालं, व्हेंटिलेटरवर. भाऊ वाचला, पण जिना चढताना आजही मध्ये थांबतो. माझी चूक एवढीच की मी खिडकीशी भांडलो. भांडायला हवं होतं डॉक्टरांशी, गोळीसाठी.

त्यात गावातल्या एकानं आधीच स्टेरॉइडची सुई टोचलेली. ताप उतरला, आम्ही खूश! फ्लूत ती उलटू शकते हे तेव्हा कुणाला माहीत?

दिराचं आता तिथले डॉक्टर बघतील. मला काळजी जाऊबाईंची आहे, सातवा महिना म्हणालात ना? गरोदर बाईला अशा घरात ताप आला तर गोळी सुरू करायला रिपोर्टसाठी थांबायचं नसतं, सरकारी सूचनाही तशाच आहेत. आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. आणि ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, बोट गार असेल तर चोळून घ्या, नाहीतर आकडा खोटा पडतो.