गच्चीतले प्रश्न : दुधीचे फूल संध्याकाळी उघडते

मृग तोंडावर आला आहे. एकदा पावसाने धार धरली की कुंड्यांची हलवाहलव होत नाही, म्हणून आलेल्या प्रश्नांपैकी पावसाआधी उत्तर हवेच असे निवडून घेतले आहेत.

प्रश्न : गच्चीवर अर्ध्या ड्रममध्ये दुधी लावला आहे. वेल मांडवभर पसरला, फुले भरपूर येतात. मादी फुलामागचा दुधी बोटाएवढा होतो, मग पिवळा पडून गळतो. व्हिडिओ बघून रोज सकाळी नऊच्या सुमारास ब्रशने परागीकरणही करतो. तरी एक फळ टिकत नाही. खत कमी पडते आहे का? (नाशिक)

खत कमी पडत असते तर वेल मांडवभर झाला नसता. तुमची मेहनत बरोबर आहे, वेळ चुकते आहे. तो व्हिडिओ बहुधा लाल भोपळ्याचा किंवा काकडीचा असावा. त्यांची पिवळी फुले सकाळी उघडतात आणि मधमाश्या त्यांच्यावर येतात. दुधीचे पांढरे फूल ऊन उतरल्यावर उघडते, रात्रभर जागे राहते आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की लोळते. अंधारात पांढरा रंग दिसतो तो पतंगांना, आणि दुधीचे परागीकरण मुख्यतः तेच करतात. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या, दिव्यांनी उजळलेल्या गच्चीवर पतंग फारसे फिरकत नाहीत. म्हणून ते काम आपल्याला करावे लागते, पण त्यांच्या वेळेला.

संध्याकाळी साडेसहा-सातला वर जा. लांब बारीक देठाचे, मागे काही नसलेले फूल ते नर. ज्याच्या मागे लव असलेला इवला दुधी आहे ते मादी. ताजे उघडलेले नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच, सगळीकडे लागेल असा टेकवा. ब्रशची गरज नाही, उलट निम्मे पराग ब्रशलाच चिकटून राहतात. एक नर दोन-तीन मादी फुलांना पुरतो. काम साधले असेल तर तीन-चार दिवसांत फळाला चकाकी येते आणि ते वजनाने खाली झुकते. गळणारा दुधी टोकाकडून पिवळा पडत सुकतो, हा फरक एकदा पाहिला की पुन्हा चुकत नाही.

वेलाचा शेंडा खुडला आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. मुख्य दांड्यावर नर फुलेच जास्त येतात, मादी फुले बाजूच्या फांद्यांवर. वेल सहा-सात फुटांचा झाला की शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. आता वेल मोठा झाला असला तरी निदान दोन-तीन फांद्यांचे शेंडे खुडून बघा. शेणखताचा किंवा पेंडीचा पुढचा हप्ता मात्र फळे धरेपर्यंत थांबवा. नत्र फार झाले की नुसता पाला माजतो.

जाता जाता : दोडका आणि पडवळ हेही संध्याकाळचे, कारले आणि घोसाळे सकाळचे. मांडवावर दोन्ही प्रकार असतील तर दोन फेऱ्या माराव्या लागतात. मला स्वतःला ती संध्याकाळची फेरी फार आवडते. सगळी गच्ची शांत असते आणि डोळ्यांदेखत फूल उलगडते.

प्रश्न : ताई, आमची गॅलरी उत्तरेकडे आहे. एप्रिल-मेमध्ये छान ऊन आले म्हणून टोमॅटो आणि मिरचीची रोपे लावली. सगळे म्हणतात उत्तरेच्या गॅलरीत काही होत नाही. खरे काय? (ठाणे)

दोन्ही खरे आहे. ठाणे-मुंबईत मेच्या मध्यावर सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो, त्या दिवसाला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे तुमच्या गॅलरीत ऊन येते. पण त्यातला बराच काळ ढगांखाली जातो. पाऊस सरून आकाश मोकळे होईपर्यंत सूर्य दक्षिणेकडे वळलेला असतो आणि थंडीभर तुमच्याकडे थेट ऊन येणार नाही. टोमॅटोला रोज पाच-सहा तास ऊन हवे. रोपे वाढतील, लांबुडकी होतील, फळ धरणार नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, ती रोपे दक्षिणेची गॅलरी असलेल्या मैत्रिणीला देऊन टाका.

तुमच्या गॅलरीत सावली सोसणारी झाडे खुलतील. पुदिना, पानओवा, आले, हळद. हळदीचा मोड आलेला गड्डा आत्ताच लावा. श्रावणात पातोळ्यांपुरती पाने घरची मिळतील आणि थंडीत पाने वाळली की कुंडी उपडी करून हळद काढायची. वडीचा अळूही लावा. त्याला ओल आवडते, पण घशाला खाजतो तो त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेव्हा चिंचेत हात आखडता घेऊ नका. आणि पसरट ट्रेमध्ये जाडसर वाळू-माती घालून मेथी दाट पेरा. मुंबईच्या बाजारात मुळांसकट जुड्या मिळतात त्या समुद्रमेथीसारखी ती कोवळी असतानाच उपटायची. तिला भरपूर ऊन लागत नाही, कारण तिला मोठे होऊच द्यायचे नसते.

प्रश्न : कोथिंबीर उगवतच नाही. तीन वेळा धणे टाकले. (सोलापूर)

धणा म्हणजे एक बी नव्हे, आत दोन बिया असलेले फळ आहे. चपलेखाली किंवा लाटण्याखाली हलके रगडून त्याचे दोन भाग करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, तोवर माती सुकू देऊ नका. पण सोलापूरच्या उन्हात मे महिना ही कोथिंबिरीची वेळच नाही. उगवली तरी लगेच तुरे धरते. पाऊस पडून हवा निवली की पेरा.

प्रश्न : कढीपत्त्याची पाने एका आठवड्यात फस्त झाली. आधी पक्ष्याची विष्ठा वाटली, नीट पाहिले तर अळ्या. कोणते औषध मारू? शिवाय नवी पाने पिवळी येतात, आई म्हणते ताक घाल. (पुणे)

औषध नको, कारण ती पाने तुम्ही आमटीत घालता. विष्ठेसारखी दिसणारी ती अळी फुलपाखराची आहे. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर काही फुलपाखरे अंडी घालतात, कढीपत्ता त्याच कुळातला. आपले राज्य फुलपाखरू नीलवंतही याच कुळावर वाढते. 2015 साली राज्य फुलपाखरू जाहीर करणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले. अळी मोठी झाली की हिरवी होते, डिवचली तर डोक्यामागून तांबूस शिंगे काढून उग्र वास सोडते. ती चावत नाही. रोप लहान असेल तर अळ्या अलगद उचलून सोसायटीतल्या एखाद्या मोठ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर सोडा. रोप कंबरेएवढे असेल तर दोन-तीन तिथेच राहू द्या. अळीचा काळ दोन-तीन आठवड्यांचा असतो, आणि कढीपत्ता छाटल्यासारखा पुन्हा फुटतो. पुढच्या वर्षी रोज सकाळी कोवळ्या पानांवर फिकट पिवळे, मोहरीहूनही लहान अंडे दिसते का बघा, ते पान तेवढे खुडायचे.

पिवळेपणाचे वेगळे आहे. पान पिवळे आणि शिरा हिरव्या, असे असेल तर झाडाला लोह घेता येत नाही. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. आईचे बरोबर आहे. आंबट ताक भरपूर पाणी घालून पंधरा दिवसांतून एकदा घाला. त्याहून जास्त घातले तर वास येतो आणि मुंग्या लागतात. त्यापेक्षाही मोठा उपाय आठवड्यावर आला आहे : कुंडी पहिल्या पावसात ठेवा.

प्रश्न : आंब्याच्या साली टाकल्यापासून कंपोस्टच्या डब्यात घाण वास, चिलटे आणि वळवळणाऱ्या मोठ्या अळ्या झाल्या आहेत. घरचे म्हणतात बंद कर. (डोंबिवली)

बंद करू नका. मे-जूनमध्ये जवळजवळ प्रत्येक डब्याचे हेच होते. आंब्याची साल म्हणजे पाणी आणि साखर, तिच्यासोबत पुरेसे कोरडे टाकले गेले नाही की हवा कोंडते आणि सडणे सुरू होते. आज काय करा : सगळे एका घमेल्यात काढा, नारळाच्या शेंड्या विंचरून, वाळलेली पाने चुरडून भरपूर मिसळा, मूठभर जुने कंपोस्ट किंवा बागेतली माती घाला आणि परत भरा. मुठीत दाबल्यावर पाण्याचा थेंब पडता कामा नये. डब्याच्या तळाची भोके बुजली असतील तर मोकळी करा. यापुढे एक वाटी ओला कचरा टाकला तर दोन-तीन वाट्या कोरडे, आणि सर्वात वर नेहमी कोरड्याचाच थर. साली उघड्या राहिल्या नाहीत की चिलटे दोन-चार दिवसांत कमी होतात. कोयी वेगळ्या काढा, त्या कुजायला फार वेळ घेतात.

मोठ्या, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या. त्या कचरा झपाट्याने खातात, आणि त्यांची माशी ना चावते ना अन्नावर घोटाळते. ओल कमी झाली की त्या आपोआप निघून जातात. घरच्यांना हे सांगा.

सगळ्यांनाच एक सांगणे : झाडांखाली अजून वाळला पालापाचोळा मिळतो आहे तोवर दोन पोती भरून छपराखाली ठेवा. पावसाळ्यात कोरडे काही मिळत नाही आणि पुष्कळ डबे त्यामुळेच बंद पडतात. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यापासून माती करून फळझाडे आणि भाज्या वाढवल्या गेल्या. तिथेही मूळ भांडवल उसाचे चिपाड, पालापाचोळा आणि भाजीची देठे हेच.

प्रश्न : घरातली झाडे रोज न चुकता पाणी घालूनही पिवळी पडतात. आणि हवा शुद्ध करण्यासाठी टू बीएचकेमध्ये किती झाडे ठेवावीत? (कोल्हापूर)

रोज न चुकता, तिथेच अडते आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. बोट दोन पेरे मातीत घाला, ओल लागली तर पाणी नाही. दिखाऊ कुंडीला खाली भोक आहे का, आजच बघा. माझा बारा वर्षांचा अडेनियम एका पावसाळ्यात गेला, कारण कुंडीखालची बशी भरून राहायची आणि मी वरून हिरवी पाने बघत राहिले. खोड हाताला मऊ लागले तेव्हा आतून सगळे कुजले होते. ती चुटपुट अजून आहे.

हवेचे म्हणाल तर 1989च्या नासाच्या प्रयोगाचा हवाला सगळीकडे दिला जातो, पण तो बंदिस्त पेट्यांमध्ये केलेला होता. 2019मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करायची तर प्रत्येक चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील, असे त्यात निघाले. हवेसाठी खिडकी उघडा. झाडे आवडतात म्हणून ठेवा, तेवढे कारण पुरेसे आहे.

पण बाटलीत मनी प्लांट असेल तर ते पाणी आठवड्यातून एकदा टाकाच. डेंग्यूच्या डासाचे अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत होते, आणि अंडी पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेवर काचेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही, बाटली आतून घासायची. कुंड्यांखालच्या बशांचेही तेच. पावसाळाभर त्या काढूनच ठेवा.